डग्गा कुठे गेला?

मित्राने नवा व्हॉल्व्ह प्रीॲम्प (ॲम्प्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारी पेटी) घेतला आणि रविवारी आम्हा दोघा-तिघांना चहाचं बोलावणं आलं. चहा हे अर्थातच निमित्त. कपाटाच्या वरच्या फळीवर पितळी रंगाच्या पत्र्याची छोटी पेटी, तिच्या डोक्यावर काचेच्या दोन नळ्या, आत नारिंगी उजेड. मागून निघालेल्या वायरी खालच्या फळीवरच्या त्याच्या जुन्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला जोडलेल्या. त्याने विलंबित एकतालातला एक ख्याल लावला. गळा सुरेख वाजत होता, तानपुरा लखलखीत. "बघ, याला म्हणतात व्हॉल्व्ह!" तो म्हणाला. मला मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं. ठेक्यातला 'धिं' कानाला 'तिं' लागत होता. तबल्याची चाट जागेवर होती, डग्ग्याचा घुमारा नव्हता.

तो घुमारा कुठे गेला हे सांगण्याआधी व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांना असं एकत्र नांदायला लावतातच का, ते पाहू.

व्हॉल्व्ह म्हणजे आजोबांच्या रेडिओत असायच्या त्याच काचेच्या नळ्या. बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट काही घडायचं नाही, मग हिरवा डोळा उजळायचा आणि आवाज यायचा. तो अर्धा मिनिट कॅथोड तापायला लागे. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि निर्वात पोकळीतून समोरच्या ॲनोडकडे धावतात, कारण ॲनोडला दोन-अडीचशे व्होल्टचा धन दाब दिलेला असतो. १९०४ मध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी हा एकेरी रस्ता तयार केला. पुढच्या दोन-तीन वर्षांत ली डी फॉरेस्ट यांनी वाटेत तारेची एक जाळी बसवली आणि खरी गंमत तिथे झाली. जाळीवरचा ऋण दाब जरा वाढवला की इलेक्ट्रॉन अडतात, जरा कमी केला की सुटतात. खुद्द जाळीतून प्रवाह जवळपास वाहतच नाही, त्यामुळे अगदी दुबळा सिग्नलही पलीकडचा मोठा दाब हवा तसा नाचवू शकतो.

घरगुती प्रीॲम्पमध्ये आजही हमखास दिसणारा १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९४७ मध्ये बाजारात आणला. युरोपात त्याचंच नाव ईसीसी८३. त्याच वर्षी डिसेंबरात बेल लॅबमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला, म्हणजे व्हॉल्व्हच्या एका लाडक्या लेकराचा आणि व्हॉल्व्हच्या मारेकऱ्याचा जन्म एकाच सालचा. मारेकऱ्याने बाकी सगळीकडे काम फत्ते केलं. गिटारवाल्यांच्या आणि घरी गाणं ऐकणाऱ्या हौशी लोकांच्या दारात मात्र तो अडला.

१२एएक्स७ चा वर्धनांक १००. जाळीवर एका व्होल्टचा फरक पडला तर ॲनोडवर जास्तीत जास्त १०० व्होल्टचा फरक पडू शकतो, इतका तो दाब वाढवण्यात पटाईत. पण त्यातून वाहणारा प्रवाह साधारण एक मिलिअँपिअर. आता स्पीकरकडे बघा. आठ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर लागतात, साडेतीन हजार पट प्रवाह! हे काम व्हॉल्व्हकडूनच करून घ्यायचं तर धिप्पाड पॉवर व्हॉल्व्ह हवेत, शिवाय त्यांचा चढा दाब आणि तुटपुंजा प्रवाह स्पीकरच्या पचनी पडेल असा करून देणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हवा. हा ट्रान्सफॉर्मर चांगला गुंडाळलेला मिळणं म्हणजे खर्चाचं काम, आणि वजन असं की उचलताना पाठ धरावी. ट्रान्झिस्टर तेच काम थेट करतो. स्पीकरचा कागदी कोन एकदा हलला की डुलत राहू पाहतो, त्याला आवर घालण्यातही तो सरस.

म्हणून ही वाटणी: नाजूक दाब वाढवणं व्हॉल्व्हकडे, हमाली ट्रान्झिस्टरकडे. खिशालाही बरं, कारण पॉवर व्हॉल्व्ह झिजतात आणि महाग असतात, प्रीॲम्पमधले छोटे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं टिकतात.

आता गोडव्याकडे. व्हॉल्व्हचा आवाज 'गोड', 'उबदार' असं म्हणतात, ते अगदीच खोटं नाही. व्हॉल्व्ह सिग्नल मोठा करताना किंचित वाकडा करतो. लाटेचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग हुबेहूब सारखे राहत नाहीत. अशा एकतर्फी वाकडेपणातून मुख्यतः दुप्पट कंपनांचा उपस्वर जन्मतो. षड्ज वाजवलात तर वरचा षड्ज थोडासा मिसळून येतो, आणि तो कोणाला खुपणार? तानपुऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर दोरा सरकवत असतो तेव्हा तोही उपस्वरच उमलवत असतो. तारेच्या आणि रुंद घोडीच्या या खेळाकडे सी. व्ही. रामन यांचं शंभर वर्षांपूर्वीच लक्ष गेलं होतं. एरवी तारेवर ज्या बिंदूशी छेडल्यावर काही उपस्वर उमटूच नयेत, तिथे छेडूनही तानपुऱ्यात ते उमटतात, हे त्यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं.

ही तुलना आणखी थोडी ताणून पाहू, कारण पुढे ती छान फळते. दोन सूर एकदम आले की हाच वाकडेपणा त्यांची बेरीज आणि वजाबाकीही तयार करतो. षड्ज २०० हर्ट्झ आणि पंचम ३०० हर्ट्झ धरा. वजाबाकी १००, म्हणजे खालचा षड्ज. बेरीज ५००, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. तानपुरा सुरात लागल्यावर आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. (तानपुऱ्यात तो तारेच्या पाचव्या उपस्वरातून येतो, वाट निराळी.) तेव्हा तानपुऱ्यावर गळा असलेल्या संगीतात व्हॉल्व्ह जी भेसळ करतो ती सुरात पडते. आता षड्जासोबत कोमल रिषभ घ्या, साधारण २१३ हर्ट्झ. बेरीज येते ४१३. तिच्या एका बाजूला ४००, दुसऱ्या बाजूला ४२६ हे उपस्वर आधीच बसलेले, आणि तिघांची एकमेकांशी खडखड. पन्नास वाद्यांचा ताफा वाजत असेल तर अशा बेरजा-वजाबाक्या शेकड्यांनी होतात आणि आवाज गढूळ होतो. एकाच व्हॉल्व्हला एक जण गोड आणि दुसरा मळकट म्हणतो तेव्हा दोघांनी काय लावलं होतं ते आधी विचारावं.

पण प्रमाणाचं काय? एक टक्का उपस्वर म्हणजे मूळ सुराच्या ४० डेसिबल खाली, ०.१ टक्का म्हणजे ६० डेसिबल खाली. नीट बांधलेला प्रीॲम्प घरच्या एक-दोन व्होल्टला या दुसऱ्या आकड्याच्याही खाली सहज राहतो, आणि तिथे तो उपस्वर मूळ सुराखाली झाकून जातो. १९७३ मध्ये रसेल हॅम यांनी ध्वनिमुद्रण स्टुडिओतल्या मायक्रोफोन प्रीॲम्पांची तपासणी केली होती. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यातला ठळक फरक त्यांना सापडला तो सिग्नल मर्यादेबाहेर गेल्यावर. गायकाने माइकच्या तोंडाशी तान घेतली की हे होतं, घरी सीडी ऐकताना नाही.

माझं मत विचाराल तर 'व्हॉल्व्हचा गोडवा' म्हणून घरोघरी जे ऐकलं जातं त्यातलं बरंचसं दोन ठिकाणांहून येतं, आणि दोन्हींचा काचेशी संबंध नाही. पहिलं ठिकाण आवाजाची पातळी. सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो. पुष्कळ ॲम्प्लिफायर एका-दीड व्होल्टलाच पूर्ण ताकदीवर जातात. मध्ये आणखी दाब वाढवायची गरजच नव्हती, पण प्रीॲम्प तो पंधरापट करून देतो. एखादा डेसिबल आवाज चढला तरी कानाला तो मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. म्हणून तुलना करायची तर ४०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा आणि प्रीॲम्पसह व प्रीॲम्पविना, दोन्ही वेळा आकडा सारखा करा. जुगलबंदी त्यानंतर. या जास्तीच्या वर्धनाचा आणखी एक ताप असतो. व्हॉल्यूमचं बटण जेमतेम फिरवताच घर दणाणतं, आणि इतक्या खालच्या टोकाला साध्या पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या रोधकाच्या) डाव्या-उजव्या बाजू जुळत नाहीत.

दुसरं ठिकाण म्हणजे दोन पेट्यांमधला सांधा, आणि आमचा डग्गा हरवला होता तो तिथेच. आमच्या जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की वरच्यांची धार करंगळीएवढी व्हायची. टाकी भरलेली असली तरी पाइप अरुंद. प्रीॲम्पचा आउटपुट इंपीडन्स म्हणजे हा पाइप किती अरुंद आहे ते, आणि ॲम्प्लिफायरचा इनपुट इंपीडन्स जितका कमी तितका त्याचा नळ मोठा उघडा. १२एएक्स७ च्या ॲनोडवरून थेट सिग्नल काढला तर हा पाइप ३८ हजार ओहमच्या आसपास असतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा इनपुट लाखभर ओहमचा, तिथे निभतं. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा कित्येकदा १० हजार ओहमचाच असतो. तिथे जेमतेम पाचवा भाग दाब पोचतो, आणि व्हॉल्व्हला पेलवत नसलेलं ओझं ओढावं लागल्याने वाकडेपणा वाढतो तो वेगळाच. उपाय जुना आहे: शेवटी कॅथोडवरून सिग्नल काढणारी एक पायरी घालायची, जी दाब वाढवत नाही पण पाइप पाच-सहाशे ओहमवर आणते. इनपुट आउटपुटच्या किमान दहापट असावा, एवढीच काय ती या सोयरिकीची पत्रिका.

मित्राच्या पेटीत ही पायरी होती. मग मी झाकणाखालच्या आउटपुट कपॅसिटरकडे वळलो. (झाकण उघडण्याआधी प्लग काढून बराच वेळ थांबलो आणि मीटरने दाब उतरल्याची खात्री केली. आतले कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्ट धरून बसतात, तो धक्का जिवावर बेतू शकतो.) ॲनोड असो वा कॅथोड, तिथला डीसी, म्हणजे न बदलणारा, दाब पुढे जाऊ नये आणि सिग्नल तेवढा जावा म्हणून दारात कपॅसिटर उभा करावाच लागतो. पण तो आणि पुढचा इनपुट मिळून एक चाळणी बनते, जिच्यातून खालचे सूर गळतात. कपॅसिटरवर छापलं होतं ०.२२ मायक्रोफॅरड. लाखभर ओहमसमोर ही चाळणी ७ हर्ट्झच्या आसपास लागते, तिथे कानाला काही ऐकूच येत नाही. दहा हजारांसमोर तीच चढते ७० हर्ट्झवर. तिथपर्यंत येताना तीन डेसिबल गेलेले, त्याखाली उतरणच. डग्ग्यावर मनगट घासून काढलेली ती खोल मींड नेमकी याच भागात उतरते.

म्हणजे वरचे सूर मोकळे का वाटत होते तेही कळलं. खालचा भार काढून घेतला की वरचं उजळ दिसणारच.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात २.२ मायक्रोफॅरडचे, पुरेशा व्होल्टचे दोन फिल्म कपॅसिटर मिळाले. जुन्यांपेक्षा आकाराने चांगलेच थोराड, पाय वाकवून बसवावे लागले. एक सावधगिरी वाढली. कपॅसिटर मोठा, म्हणून सुरू होताना त्यातून जाणारा धप्पही मोठा. तेव्हा आधी प्रीॲम्प लावायचा, मिनिटभर थांबायचं, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट. लाइट जाऊन परत आली तर दोन्ही एकदम सुरू होतात आणि धप्प थेट स्पीकरवर बसतो, म्हणून लाइट गेल्या गेल्या ॲम्प्लिफायरचं बटण बंद करायची सवय लावून घ्यायची. मुळात पेटीत थोडा वेळ आउटपुट रोखून धरणारा रिले असायला हवा होता. आणि हो, तो नारिंगी उजेड. निम्मा नळीखाली बसवलेल्या एलईडीचा निघाला. खरा हीटर मंद जळतो, त्याने खोली उजळत नाही.

संध्याकाळी तोच ख्याल पुन्हा लावला. पहिल्याच समेवर 'धिं' पोटात जाणवला. मित्र दोन आवर्तनं ऐकत बसला. मग म्हणाला, "डग्गा आला रे, पण तो व्हॉल्व्हचा आवाज गेला."

जुने दोन कपॅसिटर त्याने टाकले नाहीत. काडेपेटीत घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवलेत.