गाडीची नियमित सर्व्हिसिंग (सातारा जिल्हा)

गाडी बंद पडायची वाट न बघता ठराविक किलोमीटर किंवा ठराविक महिने, जे आधी भरेल ते झालं की ऑइल, फिल्टर, ब्रेक, टायर, बॅटरी, सस्पेन्शन तपासून जे संपत आलंय ते बदलून घेणं म्हणजे नियमित सर्व्हिसिंग. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष असं सांगितलेलं असतं, पण तो आकडा साध्या वापराचा. धूळ, घाट, सतत हळू चालणं असा वापर असेल तर मुदत कमी धरायची, आणि साताऱ्यात हे तिन्ही एकाच गाडीच्या नशिबी येतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि तिकडं पूर्वेला माण-खटाव कोरडे ठाक, त्यामुळे दहिवडी-म्हसवड बाजूला रोज फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला तर धुळीचा ढीग पडतो, आणि तोच फिल्टर तसाच ठेवला की पिकअप जातो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ब्रेक ऑइलकडं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी मुरलं की लवकर उकळतं. डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा दर्जा, ते नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, पण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. आता पाचगणीवरून पसरणी घाटानं वाईला उतरताना साधारण १२ किमीत पाचशे मीटरच्या वर उतार आहे, कोणी टॉप गिअरमध्ये नुसता ब्रेक दाबत आलं तर पॅड तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. म्हणून ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, आणि ब्रेक ऑइल साधारण दर २ वर्षांनी बदलायचं, गाडी कमी फिरली असली तरी. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत बघा, नवीन ऑइल फिकट पिवळसर दिसतं, तपकिरी झालं असेल तर सरळ बदलायचं, मिस्त्रीला विचारायची पण गरज नाही.

खंबाटकी घाटात एप्रिल-मे महिन्यात टेंपरेचरचा काटा वर जाणाऱ्या गाड्यांत बऱ्याचदा कुलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बोअरचं पाणी टाकलेलं असतं, त्याचा क्षार रेडिएटरमध्ये बसतो. ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून ठेवून, रांगत गेलं की क्लच प्लेट झिजते, ते वेगळंच.

इथं सर्व्हिसिंगचा खरा मुहूर्त मे महिना, म्हणजे पावसाआधी. टायरची नक्षी कायद्यानं किमान १.६ मिमी लागते, पण कासला नाहीतर ठोसेघरला पावसात जायचं असेल तर त्या हद्दीपर्यंत थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वायपर आणि बॅटरी पण तेव्हाच बघून घ्यावी.

ऑइल बदललं, गाडी धुतली, पॉलिश मारलं याला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत. चारी चाकं काढून ब्रेकचे पॅड-लायनर बघितले का, ड्रेन नटचा (जुनं ऑइल काढायच्या नटचा) वॉशर नवीन टाकला का, हे समोर उभं राहून बघावं, चांगला मिस्त्री त्याचं वाईट वाटून घेत नाही. आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्यावेत, पुढच्या वेळी ब्रेक ऑइल, कुलंट कधी बदललं होतं ते त्यावरूनच कळतं आणि गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा तेच मागतो.