इंग्रजीत काका-मामा नाहीत?
'इंग्रजीत काका, मामा, मावसा सगळे अंकलच. त्यांना नात्यांची किंमतच नाही,' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. 'अंकल' ढोबळ शब्द आहे, हे खरं. पण जुन्या इंग्रजीत काकाला 'फॅडेरा' आणि मामाला 'एआम' असे वेगळे शब्द होते. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच शब्द शिरले, त्यातलाच हा 'अंकल'. त्याचं लॅटिन मूळ 'अवुंकुलुस', म्हणजे चक्क मामा! व्युत्पत्ती देणाऱ्या कोणत्याही चांगल्या इंग्रजी कोशात हे सापडेल. उलटंही तपासा: हाताचं असो वा पायाचं, आपल्याला 'बोट' एकच; इंग्रजीत 'फिंगर' वेगळं, 'टो' वेगळं. गरज पडली की आपण 'पायाचं बोट' म्हणतो, तसं ते 'मॅटर्नल अंकल' म्हणतात.