शेळ्या-मेंढ्यांमधील जंतबाधा

शेळ्या-मेंढ्यांच्या पचनमार्गात राहून त्यांच्या रक्तावर किंवा अन्नरसावर जगणाऱ्या कृमींमुळे होणारा विकार. लेंड्यांत तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे तुकडे दिसले की पशुपालक धास्तावतो. ते तुकडे पट्टकृमीचे असतात आणि मोठ्या जनावराला त्यांचा फारसा त्रास होत नाही. खरा घात करतात ते गोलकृमी, आणि त्यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

सर्वांत घातक हिमोंकस कंटॉर्टस. याचे ठाणे आतड्याच्या अलीकडे, चौथ्या पोटात असते. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब. रक्ताने भरलेले तिचे लाल आतडे आणि पांढरे अंडाशय एकमेकांभोवती दोरीसारखे पिळलेले दिसतात. एका कृमीमुळे दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त जाते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पोटात ५,००० कृमी असले तर रोज पाव लिटर रक्त गेले. चाळीस किलोच्या मेंढीत रक्तच मुळी अडीच लिटरच्या आसपास असते. अशा मेंढीची खालची पापणी ओढून पाहावी: आतला भाग गुलाबी न दिसता फिकट, कधी पांढराफटक दिसतो. रक्तातील प्रथिने घटल्याने जबड्याखाली पाणी साचते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ही सूज संध्याकाळी फुगलेली असते आणि सकाळपर्यंत ओसरते, म्हणून सकाळच्या पाहणीत ती हुकते. हगवण बहुधा नसतेच, त्यामुळे जनावर आजारी आहे हे ते आडवे पडेपर्यंत लक्षात येत नाही.

लहान आतड्यातील ट्रायकोस्ट्राँगायलस याउलट हगवण लावतो. आतड्याचे अस्तर झिजते, भूक मंदावते, प्रथिने वाया जातात. मागचा भाग शेणाने बरबटतो आणि वाढ खुंटते. मोठ्या आतड्यातील इसोफॅगोस्टोमममुळे भिंतीवर गाठी येतात.

जंतांची अंडी लेंड्यांतून कुरणावर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की साधारण आठवडाभरात बाधा करू शकणाऱ्या अळ्या तयार होतात, ओलसर गवतावर चढतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. पुढे सुमारे तीन आठवड्यांत त्यांच्या माद्या अंडी घालू लागतात. कोकरे आणि करडे सर्वांत आधी बळी पडतात, कारण त्यांची प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते. विण्याच्या सुमारास आईचीही प्रतिकारशक्ती घटते आणि तिच्या लेंड्यांतील अंडी वाढतात. पिलाच्या वाट्याचे कुरण तीच दूषित करते. शेळीची प्रतिकारशक्ती मेंढीपेक्षा कमकुवत. मुळात ती झुडपांचा पाला खाणारी. तिला खुरटे गवत चरायला लावले की तिची बाधा वाढते.

सगळ्या कळपाला वारंवार औषध पाजण्याची सवय मात्र महागात पडली आहे. थायाबेंडाझोल १९६१ मध्ये आले आणि काही वर्षांतच त्याला न जुमानणारे जंत आढळले. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. त्यामुळे पापणीचा रंग तक्त्याशी ताडून फक्त फिकट जनावरांनाच औषध देण्याची फामाचा पद्धत दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली. न पाजलेल्या जनावरांतील जंत औषधाला बळी पडणारेच राहतात आणि चिवट जंतांची संतती त्यांच्यात विरळ होते. ही पद्धत रक्त पिणाऱ्या कृमींपुरतीच उपयोगी आहे. ट्रायकोस्ट्राँगायलसने खंगलेल्या जनावराची पापणी गुलाबी असू शकते. शेळीचे शरीर बरीच जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते. मेंढीच्या मात्रेत औषध पाजल्यास तिच्या पोटातले चिवट जंत तेवढे उरतात, म्हणून शेळीची मात्रा पशुवैद्यकाकडून वेगळी ठरवून घ्यावी लागते.