वृषणकोशातील वायुजनक जंतुसंसर्ग : निदान

वृषणकोशाच्या त्वचेखाली किंवा थेट वृषणात वायू तयार करणारे जंतू वाढले की होणारे हे आजार विरळ, पण जिवावर बेतणारे आहेत. त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे फोर्निएचा गँगरीन, म्हणजे कोशाच्या त्वचेखालच्या ऊती झपाट्याने मरत जाणे. फ्रेंच वैद्य झां आल्फ्रेद फोर्निए यांनी १८८३ मध्ये धडधाकट तरुणांत तो पाहिला होता. आज तो बहुधा मधुमेह असलेल्या, वयाने मोठ्या पुरुषांत आढळतो. वृषणातच किंवा त्याला चिकटलेल्या शुक्राणूंच्या नळीत (अधिवृषणात) वायू साठणे हा प्रकार त्याहूनही दुर्मीळ.

नागपूर आणि पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा जुना पट्टा. इथे अंड सुजले की 'हायड्रोसिल (कोशात पाणी साठणे) असेल' असे म्हणून घरीच दिवस काढले जातात; त्यात लाजेची भर पडते. भंडारा-गडचिरोलीकडचा रुग्ण नागपूरच्या 'मेडिकल' किंवा 'मेयो' या सरकारी रुग्णालयांत पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असू शकतो. खरे तर फरक खाटेजवळच कळतो. हायड्रोसिल महिनोन्‌महिने वाढते, सहसा दुखत नाही आणि टॉर्च लावल्यास उजेड आरपार दिसतो. वायुजनक संसर्ग तासागणिक पसरतो. ताप येतो, आणि वरून जेवढे दिसते त्याहून वेदना कितीतरी जास्त असतात. लाल त्वचा काळपट पडू लागते, दुर्गंधी येते. बोटाने हलके दाबले तर कुरमुरे चुरडल्यासारखे जाणवते. मात्र ही कुरकुर सगळ्यांत सापडत नाही. ती नाही म्हणून रुग्णाला घरी पाठवणे धोक्याचे.

सोनोग्राफीत वायू पांढऱ्या चकाकत्या ठिपक्यांसारखा दिसतो व त्यामागे धूसर सावली पडते. तो नेमका कुठे आहे, यावर निदान ठरते. जाड झालेल्या कोशभित्तीत वायू आणि वृषण मात्र शाबूत, हे चित्र फोर्निएचे; वृषणाला रक्त पोटातल्या महाधमनीकडून स्वतंत्रपणे मिळते, म्हणून तो बहुधा वाचतो. वायू वृषणाच्या आतच असेल तर वायुयुक्त वृषणशोथ (वृषणाचा दाह). वायू आतड्याच्या वेटोळ्यात असून ते हलताना दिसले, तर तो हर्निया. सीटी स्कॅनमध्ये संसर्ग मांडीत वा पोटाच्या भिंतीत किती पसरला, गुदद्वाराजवळच्या गळवातून सुरू झाला का, हे उत्तम कळते. पण रक्तदाब घसरत असेल तर सीटीसाठी थांबू नये. शंका पक्की होण्याची जागा तेव्हा शस्त्रक्रियागृहच असते: चिरा दिल्यावर ऊतींचे थर बोटानेच सुटे होतात, पातळ, राखाडी, घाण वासाचा द्रव निघतो.

रक्ततपासणीतील पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन), सोडियम, क्रिएटिनीन आणि साखर यांवरून या आजाराच्या शक्यतेचा गुणांक काढतात. तो कमी आला तरी आजार नाही असे ठरत नाही. पू व ऊतींच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) ई. कोलाय, क्लेबसिएला, बॅक्टेरॉइड्स, क्लॉस्ट्रिडियम असे एकाहून अधिक जंतू मिळतात. शुगरच्या गोळ्या कोणत्या, हेही विचारावे: डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील औषधांबाबत अमेरिकी औषध नियामकाने २०१८ मध्ये याच आजाराचा इशारा दिला आहे.