हिंगणा-बुटीबोरीतली बिनमाणसाची रातपाळी : पार्श्वभूमी

रात्री ९ वाजता लेथला सळ्या पुरवणारा बार फीडर भरायचा, शेवटचा नग मोजून ऑफसेट द्यायचा (म्हणजे टूलची जागा मापानुसार किंचित सरकवायची), शटर ओढून घरी जायचे आणि सकाळी ७ ला येऊन ट्रेमधले नग मोजायचे. हिंगणा आणि बुटीबोरी या नागपूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या, दुसऱ्यांचे सुटे भाग बनवून देणाऱ्या जॉबवर्क शेडमध्ये या पद्धतीची चर्चा निघाली की दोन गोष्टींची गल्लत होते. मशीन आपोआप चालणे वेगळे आणि मशीनजवळ कोणीच नसणे वेगळे.

आपोआप चालणे जुनेच. नागपुरात १८७७ साली सुरू झालेल्या कापडगिरणीत काही वर्षांतच सूत कातणाऱ्या रिंग चात्या फिरू लागल्या होत्या. कॅमवर चालणारी ट्रॉब मशीन, म्हणजे स्वयंचलित लेथ, आली तेव्हा एकच ऑपरेटर चार-पाच मशीन सांभाळायचा, पण तो तिथे उभा असायचा. कागदी फितीवरच्या आकड्यांनी चालणारे मिलिंग मशीन अमेरिकेत १९५२ मध्ये दाखवले गेले. कामगारांनी दिवसा पॅलेट (जॉब बसवायचे पाट) भरून ठेवायचे आणि मशीनने ते रात्रभर संपवायचे, ही कल्पना १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये मांडली गेली. १९८० च्या दशकात जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी ती रोजच्या कामात उतरली. आपल्याकडे ‘निर्मनुष्य कारखाना’ हा शब्द तिथूनच आला असावा. माझ्या मते तो चुकीचा आहे. रात्रीचे सगळे नग कोणीतरी ९ वाजेपर्यंत डोके लावून बसवलेल्या सेटिंगचे असतात. त्या सेटरला शब्दातूनच काढून टाकणे अन्यायाचे आहे.

नागपुरात हे उशिरा रुजण्याचे पहिले कारण कामाच्या जातीत आहे. कोळसा खाणी, वीजकेंद्रे, रेल्वे यांचे सुटे भाग म्हणजे बहुतेक एक-दोन नगांचे काम. रात्रभर सोडून जायला तोच नग शेकड्याने लागतो. हिंगण्याच्या ट्रॅक्टर कारखान्यामुळे असे काम काही शेडना मिळाले, सगळ्यांना नाही.

दुसरे कारण वीज. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या इथून दिसतात, तरीही २००५ नंतरची काही वर्षे विदर्भाने भारनियमनात काढली. कटिंग चालू असताना वीज क्षणभर गेली तरी इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक) जॉबमध्ये रुततो आणि मशीन थांबते. माणूस जवळ असेल तर दहा मिनिटांत पुन्हा सुरू होते, नसेल तर अख्खी रात्र वाया. ज्यांच्या दारात वीज तयार होते त्यांनीच अंधार सोसला, हे मला आजही सलते.

आता रात्रीच्या विजेच्या सवलतीकडे येऊ. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वापरलेल्या विजेवर औद्योगिक ग्राहकाला युनिटमागे दीड रुपया सूट मिळत असे. २०२५ च्या दररचनेत सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या सौर तासांकडे वळली. उद्योजकांनी जोरदार हरकती घेतल्या आणि ‘रात्री मशीन चालवण्यात आता अर्थ नाही’ असे बोलले जाऊ लागले. पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांसाठी ही तक्रार खरी आहे, कारण त्यांचा निम्मा जीव विजेच्या बिलात असतो. लेथवाल्याने मात्र आपला हिशोब स्वतः मांडावा. मध्यम टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारा लेथ) तासाला सरासरी ४ युनिट घेते असे धरा. आठ तासांचे ३२ युनिट, म्हणजे सूट गेली ती रात्रीला ४८ रुपयांची. २५ लाखांच्या मशीनवर साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज घेतले तर हप्ता दिवसाला साधारण १८०० रुपये पडतो. मशीन १६ तास चालले तर तासाला ११२ रुपये, २४ तास चालले तर ७५. रात्र चालवण्याचे कारण आधीही हेच होते. विजेच्या सवलतीला त्याचे श्रेय देणे आणि ती गेली म्हणून मशीन बंद ठेवणे, दोन्ही चूक.

खरी अडचण उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात ९ वाजता शेडमध्ये तापमान ३८-४० अंश असते, पहाटे ३० च्या आसपास येते. १०० मिमी पोलादी जॉब दहा अंशांत ११ ते १२ मायक्रॉन आक्रसतो, आणि मशीनच्या स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) व बॉलस्क्रूचा (टूल सरकवणारा स्क्रू) फरक वेगळा. ऑपरेटर असता तर दोनदा ऑफसेट बदलला असता. म्हणून घट्ट टॉलरन्सचे, म्हणजे मापात फारच थोडी सूट असलेले, काम मशीनमध्ये मोजणारा प्रोब असल्याशिवाय रात्री लावत नाहीत. दुपारच्या उकाड्याने कूलंटमधले (टूल थंड ठेवणाऱ्या द्रवातले) पाणी उडून ते दाट होते, तेही संध्याकाळी तपासून मगच शटर ओढायचे.

याशिवाय चिपचा, म्हणजे कापताना सुटणाऱ्या धातूच्या किसाचा, प्रश्न आहे. तीन मीटरच्या बारमधून ४० मिमीचे सुमारे ६५ नग निघतात, दोन मिनिटांच्या सायकलने बार दोन तासांत संपतो, म्हणजे रात्रीला चार बार लागतात. यातल्या एका बारवर जरी लांब चिप तुटली नाही आणि टूलला गुंडाळली की पुढचे सगळे नग रद्द. टूलवरचा भार पाहणारा लोड मॉनिटर मशीन थांबवतो, पण तोवर इन्सर्ट गेलेला असतो. त्यामुळे रात्री पितळ किंवा ईएन-१ए जातीचे पोलाद, ज्यांची चिप बारीक तुटते, आणि ईएन-८ जातीचे पोलाद दिवसा माणसासमोर, अशी वाटणी होते.