दिवसा चाकरी, गणपतीआधी वही

‘नोकरी सांभाळून लिहायला वेळ कसा काढता?’ हा प्रश्न कोकणात जरा उलटाच वाटतो. नोकरीशिवाय इथे लिहिलंय किती जणांनी?

मालगुंडचे केशवसुत जन्मभर शाळामास्तर. मुर्डीचे श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला. खांडेकर मूळचे सांगलीचे, पण १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या त्याच काळातल्या. मास्तरकीला निदान सुट्ट्या तरी असतात. कुडाळला खानावळ चालवणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांना त्याही नव्हत्या. दोन्ही वेळची पानं वाढायची, बाजार आणायचा, उधारीचा हिशेब ठेवायचा. लिहिणाऱ्याच्या वाट्याला याहून वाईट धंदा येऊ नये असं माझं मत. नोकरदाराला पाच तरी वाजतात. आरती प्रभू या टोपणनावाने त्यांचा पहिला कवितासंग्रह १९५९ साली आला आणि त्याच वर्षी त्यांनी मुंबई गाठली.

ही सगळी छापील नावं. मला जास्त ओढ आहे ती वहीतच राहिलेल्यांची, म्हणजे गणपतीत रंगणाऱ्या जाखडी नाचाची गाणी रचणाऱ्या शाहिरांची. शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या सामन्यात गण, गवळण आणि मग सवाल-जवाब. मागच्या वर्षीचं गाणं यंदा म्हटलं तर समोरचा पक्ष तिथेच टोपी उडवतो. त्यामुळे दरसाल नवं रचावंच लागतं. रचणारा बहुधा मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी असायचा. लालबाग-परळला गावकीच्या, म्हणजे गावच्या मंडळींच्या सामाईक खोलीत वीसेक माणसं पाळीपाळीने झोपायची. पहिल्या पाळीचा गडी दुपारी सुटला की वळकटीला टेकून, गुडघ्यावर वही ठेवून जुळवाजुळव करायचा. शेजारचा रात्रपाळीचा झोपलेला, म्हणून चाल तोंडातल्या तोंडात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. कोणी वॉचमन झाला, कोणी गावी परतला. वह्या मात्र भरत राहिल्या, कारण गणपती काही थांबत नाहीत.

छापणाऱ्यांनाही अशीच एक तारीख मिळाली आणि ती देणारा माणूसही इकडचाच. आजगावचे काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून हौशी लेखकाचं वर्ष दिवाळीपासून मागे मोजलं जातं. मजकूर हवा असतो पावसाळ्यात, आणि पावसाळा आमच्याकडे लिहायला बरा. आंब्याची धावपळ मे महिन्यात आटोपलेली, जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, लावणी झाली की शेतातही थोडी उसंत. वीज गेलेली असते, तेवढं सोडा. कथा गणपतीआधी पाकिटात पडली तर पडली. नंतर घर पाहुण्यांचं.

आमच्या शेजारच्या वाडीतला शाहीर आता रिक्षा चालवतो. दोन भाड्यांच्या मधे मोबाइलवर ओळी गुणगुणून ढोलकीवाल्याला पाठवतो. गेल्या श्रावणात त्याने मला एक गवळण ऐकवली. दुसऱ्या कडव्यात मागून एसटीचा हॉर्न. “तेवढं परत रेकॉर्ड कर की,” म्हटलं. “नको,” म्हणाला, “ढोलकीवाल्याने सम त्याच्यावरच धरलीय.”