सहातले चार जिवंत

जुलैचा शेवटचा आठवडा. पीक विम्याची मुदत संपत आलेली. भाच्याच्या सेतू केंद्रासमोर ओट्यावर पंधरा-वीस कास्तकार सातबारा आणि आधार कार्ड घेऊन बसलेले, आणि नेमकी लाइन गेली. (आमच्याकडे वीज जात नाही, लाइन जाते.) त्याचं भाच्याला काही नव्हतं. लॅपटॉपवर ३४ टक्के दिसत होते, चार-पाच अर्ज सहज निघाले असते. एकाचा गट नंबर टाकता टाकता स्क्रीन काळी झाली. आधी इशारा नाही की काही नाही. "मामा, आता तं चौतीस दाखवत होतं!" असं तो फोनवर मला अशा सुरात म्हणाला, की ते टक्के मीच नेले असावेत.

मग व्हायचं ते झालं. इन्व्हर्टर आला, लॅपटॉपची बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये पडली. दिवाळीत गावी गेलो तेव्हा ती माझ्या हाती लागली. तालुक्याच्या बाजारपेठेत एक दुकान आहे. मोबाइल, फवारणी पंपाच्या बॅटऱ्या, रानडुकरं आणि रोही हाकलायच्या झटका मशीन असं सगळं तिथे दुरुस्त होतं. तिथला कारागीर बॅटरी हातात खेळवत म्हणाला, "फेकता काहून सर? आधी उघडून तं पाहू."

ही बॅटरी जुन्या पद्धतीची, लॅपटॉपच्या पाठीमागे खटका दाबून काढता येणारी. आजच्या सडपातळ लॅपटॉपमध्ये पाकिटासारखे चपटे सेल असतात. ते फुगले की सरळ बदलायचे, त्यात हात घालू नये. आमच्या डबीचा जोड त्याने पातळ पट्टीने हळूहळू सोडवला. आत सहा नळकांडी निघाली. या सेलला १८६५० म्हणतात. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल. नावातच माप, त्यामुळे मापात फसायची सोय नाही. २००८ साली बाजारात आलेल्या टेस्लाच्या पहिल्या मोटारीत असेच ६८३१ सेल होते.

डबीवर लिहिलं होतं १०.८ व्होल्ट, ४४०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमतेचं माप). एक सेल ३.६ व्होल्टचा, २२०० एमएएचचा. दोन सेल शेजारी-शेजारी जोडले की क्षमता दुप्पट होते, म्हणून जोडी ४४०० ची. अशा तीन जोड्या एकापुढे एक लावल्या की व्होल्टेजची बेरीज होते, म्हणून १०.८. गुणाकार केला तर साधारण ४८ वॉट-तास, म्हणजे डबीत मावणारी एकूण ऊर्जा. फवारणी पंपातली १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी ९६ वॉट-तासांची, म्हणजे याच्या दुप्पट. पण ती दोन-अडीच किलोची, आणि हे सहा सेल मिळून पाव किलोच्या जरा वर. पाठीवर पंप घेऊन दिवसभर पऱ्हाटी फवारणाऱ्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

कारागिराने मीटरची टोकं एकेका जोडीला लावली. ३.६८. ३.६७. तिसरीला १.१४.

"पाहा सर, सहातले चार तं जिवंत हायेत."

चार जिवंत असताना लॅपटॉप का बंद पडावा, याचं उत्तर पेरणीत आहे. बैलांच्या तिफणीमागे, बी सोडायच्या सरत्यावर तीन बाया चालतात, प्रत्येकीच्या ओटीत बियाणं. तिघींची चाल एकच, कारण बैल एकच. एकीची ओटी आधी रिकामी झाली की बाकी दोघींकडे कितीही बी असो, तिफण थांबवावीच लागते. एकापुढे एक जोडलेल्या सेलमधून वाहणारा प्रवाह असाच सगळ्यांना सारखा. कमजोर जोडी आधी रिती होते, तिचं व्होल्टेज झपाट्याने कोसळतं आणि बॅटरीतली सर्किटची छोटी पाटी तिला वाचवण्यासाठी सगळ्यांचाच पुरवठा तोडते. ३४ टक्के हा आकडा त्याच पाटीचा. किती प्रवाह आत आला, किती बाहेर गेला याची ती वही ठेवते आणि जुन्या क्षमतेवरून शिल्लक काढते. वही खोटी नव्हती, पण ती सगळ्या डबीची होती. एका ओटीत भोक पडलंय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

आता भोक पडलं कसं? सेल आतून अळूवडीच्या उंड्यासारखा असतो. हात-दीड हात लांबीच्या पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या. एका तांब्याच्या वर्खावर ग्राफाइट, दुसऱ्या ॲल्युमिनियमच्या वर्खावर लिथियमचं ऑक्साइड, आणि दोन्हींमध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा, केसापेक्षाही पातळ. चार्ज करताना लिथियमचे आयन (विजेचा भार असलेले अणू) पडदा ओलांडून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. नुसतं येणं-जाणं. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी या येण्या-जाण्याचा पाया घातला. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी त्यात कोबाल्ट ऑक्साइड आणून व्होल्टेज वाढवलं, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातूच्या लिथियमऐवजी कार्बन वापरून ही लिथियम-आयन बॅटरी सुरक्षित केली, आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

पहिल्याच चार्जिंगला ग्राफाइटवर एक पातळ थर धरतो, दुधावर साय धरावी तसा. ही साय लागतेच, ती नसली तर आयन वाहून नेणारा आतला द्रव ग्राफाइटशी भिडून संपून जाईल. पण ती लिथियम खाऊन तयार होते आणि पुढे आयुष्यभर जाडच होत राहते. सायीत अडकलेलं लिथियम परत फिरत नाही. सेल म्हातारा होतो तो मुख्यतः असा. आणि दूध तापलं की साय लवकर धरते, तसंच इथेही. उष्णता आणि भरलेपण, या दोन्हींनी साय वाढते. पूर्ण चार्ज करून ४० अंशांत वर्षभर ठेवलेल्या सेलची क्षमता ढोबळमानाने दोन-तृतीयांशावर येते. तोच सेल निम्म्याहून थोडा कमी भरून तितक्याच उन्हाळ्यात ठेवला तर जवळपास ८५ टक्के शाबूत राहतो.

भाच्याचं केंद्र टिनाच्या छपराखाली. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आत पंखा गरम हवाच फिरवतो, आणि लॅपटॉप सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चार्जरला लावलेला, बॅटरी सतत शंभर टक्के. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल निघतो, तो भाच्याने पावसाळ्यातच काढून ठेवला होता. त्यात चार्जिंगच्या फेऱ्या होत्या फक्त १४२. असे सेल तीनशे-पाचशे फेऱ्या सहज काढतात. म्हणजे ती वापरून मेली नव्हती, भरून तापत ठेवल्याने मेली. जी जोडी गेली ती लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्याकडची होती. माझ्या मते हा योगायोग नाही, पण एका डबीवरून पैज लावणार नाही.

ती १.१४ व्होल्टची जोडी 'बूस्ट' करून द्या, असं सांगणारी गिऱ्हाइकं रोज येतात म्हणे. म्हणजे थेट प्रवाह सोडून व्होल्टेज वर आणायचं. ते वर येतंही, आणि हीच त्यातली मेख आहे. सेल इतका खाली गेला की तांब्याचा वर्ख द्रवात विरघळू लागतो. पुन्हा चार्ज केलं की तेच तांबं भलतीकडे जमतं, आणि एखादा कण पडद्यातून आरपार गेला तर सेल आतल्या आतच शॉर्ट होतो. तो पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतो. त्यापुढचं दृश्य लोकांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. कारागिराने ती दोन नळकांडी न बोलता बाजूला ठेवली.

मग दोनच नवीन टाकावेत का? भाच्याचा हाच प्रश्न होता, आणि खर्चाच्या दृष्टीने बरोबरही. पण मग तिफणीत दोन ओट्या निम्म्या आणि एक गच्च भरलेली असं होईल, आणि थांबायची वेळ जुन्याच ठरवतील. सहाही सेल एका जातीचे, एका खेपेचे हवेत. दोनशे-अडीचशेला एक या भावाने २६०० एमएएचचे सहा मिळाले. त्याच काचेच्या पेटीत '९९०० एमएएच' छापलेले सेलही होते, निम्म्या किमतीला. या आकाराच्या सेलमध्ये ३५०० च्या आसपासच मजल जाते, त्याहून फार मोठा आकडा म्हणजे नुसती छपाई. सोपी खूण म्हणजे वजन. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतो. सोनाराच्या छोट्या काट्यावर तोललं की कळतं.

सेल सुटे करताना एक चूक माझ्याकडूनच झाली. जुन्या सेलची निकेलची पट्टी सोलायला मी ब्लेड घेतलं. सेलचं वरचं टोक धन आणि खालचं ऋण, हे शाळेतलं ज्ञान. पण या सेलचं अख्खं नळकांडंच ऋण असतं, अगदी धन टोकाभोवतीच्या दुमडलेल्या काठापर्यंत. दोन्हींमध्ये असते ती कागदाची एक चकती आणि वरचं प्लॅस्टिकचं पातळ सालपट. ब्लेड सालपटातून आत गेलं, चट्ट आवाज झाला आणि पात्याचा कोपरा उडाला. "द्या इकडे," एवढंच तो म्हणाला. नंतर त्याने नव्या प्रत्येक सेलच्या टोकावर जास्तीची एक चकती चिकटवली. तेव्हापासून हे काम घरच्या टेबलावर करा असं मी कुणाला सांगत नाही.

सेल एकमेकांना जोडायचे कसे? सोल्डरिंग करून नाही. सोल्डरिंगची ६० वॉटची इस्त्री पाच सेकंद टेकवली की ३०० ज्यूलपर्यंत उष्णता सेलच्या तोंडात जाते, आणि रबराची सील व पडदा तिथून फार दूर नसतात. त्याऐवजी स्पॉट वेल्डिंग. निकेलची पट्टी सेलवर ठेवायची, तांब्याच्या दोन टोकांनी दाबायची आणि पायाने खटका मारायचा. तेवढ्यात शेकडो अँपिअर प्रवाह वाहून जातो. समजा ८०० अँपिअर, आणि पट्टी-सेल जिथे टेकतात तिथला विरोध एक मिलिओहम. प्रवाहाचा वर्ग करून विरोधाने गुणलं तर ६४० वॉट, पण तेही एका सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते. म्हणजे ६ ज्यूलच्या थोडं वर, इस्त्रीच्या पन्नासाव्या हिश्शाइतकं. मोहरीएवढा ठिपका वितळून जुळतो आणि सेल हाताला गारच लागतो. मी मुद्दाम हात लावून पाहिला.

खरी धाकधूक पुढे होती. पाटीच्या तारा जोडताना क्रम पाळावा लागतो, आधी सगळ्यात खालची ऋण, मग एकेक जोडी वर. काही पाट्यांना सेल तुटल्याचा राग येतो. कमी व्होल्टेजची नोंद त्या कायमची करून ठेवतात, मग नवे सेल लावले तरी दार उघडत नाही. आमच्या पाटीनेही जोडल्यावर बाहेर शून्य व्होल्टच दाखवले. भाचा माझ्याकडे पाहायला लागला. कारागिराने शांतपणे डबी लॅपटॉपला लावली, चार्जर जोडला आणि पाटी जागी झाली. पहिलं चार्जिंग आत नाही, अंगणात केलं. लॅपटॉपखाली दोन कवेलू, शेजारी रेतीचा डबा, आणि आम्ही तिघं चहा घेत लांब बसलो.

नवे सेल आले तरी पाटीच्या वहीत जुनाच हिशोब होता, क्षमता ३१ वॉट-तास. एकदा पूर्ण भरून, पूर्ण रिकामं होईपर्यंत चालवल्यावर तिने आकडा बदलला. दुसऱ्या फेरीनंतर तो ४६ च्या आसपास गेला. अधल्यामधल्या दिवसांत टक्के ६० वरून ७५ वर उड्या मारत होते. भाच्याला ते नवीन दुखणं वाटलं, पण ती फक्त वही दुरुस्त होत होती. आता त्याने चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय चालू केली आहे, आणि लॅपटॉप भिंतीकडे सरकवला आहे, जिथे दुपारी टिनाची धग कमी लागते.

जुन्या चार जिवंत सेलची क्षमता मोजली तर २२०० पैकी १७०० च्या आसपास निघाली. लॅपटॉपला ते कमी, पण कपाळावर बांधायच्या टॉर्चला एक सेल पुरतो. रात्रपाळीची लाइन असली की हरभऱ्याच्या ओलिताला जाणारे दोघं तिघं ते वापरतात. एक टॉर्च जागलीवाल्याच्या मचाणावर टांगलेला आहे.

उरले मेलेले दोन. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे, पण आमच्या तालुक्यात त्यासाठीची पेटी मी अजून पाहिलेली नाही. कारागिराने दोन्ही सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावली आणि दुकानामागच्या पायरीवरच्या रेतीच्या डब्यात खोचले. नागपूरला जाणारं कुणी भेटलं की डबा पाठवतो म्हणाला. त्या दिवशी आमचे धरून डब्यात एकोणीस होते.